काळी खुर्ची आणि उघडे गुपित : राइनहार्टच्या 'गेस्पेन्स्टर'संबंधी काही विचार

२९ सप्टेंबर १८८९ रोजी बर्लिनमध्ये ऑटो ब्रामच्या नेतृत्वाखालील 'फ्राये ब्यूने' या नाट्यसंस्थेने आपला पहिला प्रयोग केला, तो हेन्रिक इब्सेनच्या 'घोस्ट्स'चा. पुढे सतरा वर्षांनी, ८ नोव्हेंबर १९०६ रोजी, त्याच शहरात माक्स राइनहार्टने 'काम्मरश्पीले' हे छोटेखानी नाट्यगृह सुरू केले आणि उद्घाटनासाठी निवडले तेही हेच नाटक. दोन्ही प्रयोग जर्मन होते आणि दोन्हींचे शीर्षक 'गेस्पेन्स्टर' असेच होते. एकाच शहरातील दोन नाट्यचळवळींचा आरंभ एकाच नाटकाने व्हावा, आणि त्यांपैकी दुसरी चळवळ पहिलीच्या विरोधात उभी आहे असे सर्वांनी मानावे, ही घटना नाट्येतिहासकारांना मोहात पाडणारी आहे. त्या मोहातूनच एक सुटसुटीत कथन तयार झाले. ते असे : ब्रामने इब्सेनला निसर्गवादाच्या चौकटीत बसवले, तर राइनहार्टने एडवर्ड मुंक या चित्रकाराच्या साहाय्याने त्याला त्या चौकटीतून सोडवले, समस्येच्या जागी वातावरण आणले आणि आधुनिक रंगभूमीला नवी दिशा दिली. नाट्यशास्त्राच्या पाठ्यपुस्तकांतून हे कथन इतक्या वेळा आले आहे की ते तपासून पाहण्याची गरज कोणाला भासत नाही.

या कथनात तथ्य नाही असे नव्हे. परंतु 'सोडवले' या क्रियापदात एक मूल्यनिर्णय दडलेला आहे. एखाद्या नाट्यसंहितेला तिच्या सामाजिक आशयातून सोडवणे म्हणजे नेमके काय करणे, आणि तसे करताना तिचे काय सुटून जाते, हा प्रश्न त्या क्रियापदामुळे विचारलाच जात नाही. प्रस्तुत लेखाचा रोख त्या प्रश्नावर आहे. १९०६चा प्रयोग ऐतिहासिक होता हे निर्विवाद. तो कोणत्या अर्थाने ऐतिहासिक होता, एवढेच येथे पाहावयाचे आहे.

प्रथम त्या नाटकाची रंगमंचीय वाटचाल थोडक्यात ध्यानात घेऊ. डिसेंबर १८८१मध्ये संहिता प्रसिद्ध झाली तेव्हा स्कँडिनेव्हियातील प्रमुख नाट्यगृहांनी तिला दारे बंद केली. पहिला प्रयोग युरोपात झालाच नाही. तो २० मे १८८२ रोजी शिकागोत, स्थलांतरित डॅनिश आणि नॉर्वेजियन मंडळींनी त्यांच्याच भाषेत केला. पुढच्या वर्षी आउगुस्ट लिंडबर्गने स्वीडनमधील हेल्सिंगबोर्ग येथे युरोपातला पहिला प्रयोग सादर केला. त्यानंतर बर्लिनमध्ये ब्राम, १८९०मध्ये पॅरिसला 'तेआत्र लिब्र'चा आंत्वान, १८९१मध्ये लंडनला 'इंडिपेंडंट थिएटर'चा ग्राइन असा क्रम लागतो. यांपैकी शेवटचे तिन्ही प्रयोग सभासदांपुरते मर्यादित होते, कारण अशा खाजगी प्रयोगांना परिनिरीक्षण मंडळाची परवानगी लागत नसे. म्हणजे पहिले दशकभर हे नाटक पाहणे ही एक भूमिका घेणे होते. प्रेक्षागृहातली खुर्ची हे जणू एखाद्या ठरावाच्या बाजूने केलेले मतदान होते. ब्रामच्या 'घोस्ट्स'चे निसर्गवादीपण केवळ अभिनयाच्या संयमात किंवा नेपथ्याच्या तपशिलात नव्हते. प्रेक्षक आणि नाटक यांच्यातील या करारातही ते होते.

राइनहार्ट हा याच ब्रामचा नट. ऐन विशीत तो ब्रामच्या हाताखाली 'डॉयचेस थिएटर'मध्ये आला आणि दाढ्या चिकटवून म्हाताऱ्यांच्या भूमिका करू लागला. १९०५मध्ये तेच नाट्यगृह त्याच्या ताब्यात आले. त्याला लागून असलेल्या एका नृत्यगृहाचे रूपांतर करून त्याने 'काम्मरश्पीले' उभारले. आसने सुमारे तीनशे, भिंतींना लाकडी तावदाने, आणि रंगमंच व प्रेक्षागृह यांच्यामध्ये अंतर म्हणून केवळ दोन-तीन पायऱ्या. 'काम्मर' म्हणजे खोली. काम्मरसंगीत, अर्थात खोलीत मोजक्या वाद्यांवर मोजक्या श्रोत्यांसाठी वाजवावयाचे संगीत, ही कल्पना त्याने नाटकाला लावली. तिकिटे महाग होती आणि उद्घाटनाचा प्रेक्षक समारंभी वेशात आला होता. ब्रामच्या सभासदांची जागा आता एका सुखवस्तू रसिकवर्गाने घेतली होती. हा बदल वरवर व्यवस्थापकीय वाटतो, पण पुढील विवेचनात त्याचे महत्त्व दिसेल.

इब्सेन त्याच वर्षी २३ मे रोजी निवर्तला होता. साहजिकच उद्घाटनाच्या प्रयोगाला श्रद्धांजलीचे स्वरूप आले. भूमिकावाटपही तोलामोलाचे होते : मिसेस आल्विंग आग्नेस झोर्मा, ओस्वाल्ड आलेक्झांडर मोइस्सी, पास्टर मांडर्स फ्रीडरिश काय्सलर, रेगिने लुसी ह्योफ्लिश, आणि लंगडा सुतार एंगस्ट्रांड स्वतः राइनहार्ट. झोर्मा ही जर्मन रंगभूमीवरील गाजलेली नोरा. घर सोडून गेलेली स्त्री आणि घर न सोडल्यामुळे उद्ध्वस्त झालेली स्त्री या दोन भूमिका एकाच अभिनेत्रीत एकत्र आल्या होत्या, याची नोंद बर्लिनच्या जाणकार प्रेक्षकाने घेतली नसेल असे वाटत नाही. इब्सेनने 'घोस्ट्स' हे 'डॉल्स हाउस'नंतर लगेच लिहिले, आणि नोरा परतली असती तर काय झाले असते याचे ते उत्तर आहे, असे समीक्षक आजवर म्हणत आले आहेत.

आता मुंककडे वळू. राइनहार्टने त्याच्याकडे प्रत्यक्ष नेपथ्याचा आराखडा मागितला नव्हता, भावस्थितीची चित्रे मागितली होती. इब्सेनच्या खोल्यांची रंगभूमीने आजवर हेळसांड केली, त्याच्या शब्दांच्या मागे आणि मधल्या जागांत जे असते त्याचा फार मोठा भाग या खोल्यांत आहे, असे त्याने मुंकला कळवले होते. मुंकने कागदावर आणि कॅनव्हासवर रंगवलेली ही चित्रे उपलब्ध आहेत. खोलीची मापे, दारांच्या जागा, फर्निचरची शैली यांबाबत ती जवळजवळ मुकी आहेत. जड टेबल, जड बैठका, खिडकीबाहेर डोंगर, आणि या सर्वांत बुडालेल्या, चेहरे पुसट असलेल्या आकृती. ठळक आहे ती एकच वस्तू : मोठी काळी आरामखुर्ची.

नेपथ्यकार एर्न्स्ट श्टेर्न याची आठवण प्रसिद्ध आहे. चित्रात कामाला येईल असा तपशील नाही, अशी कुरकुर त्याने केली तेव्हा राइनहार्टने त्या खुर्चीकडे बोट दाखवले. जे हवे ते सारे ती खुर्ची सांगते, तिच्या काळ्या रंगात नाटकाचे संपूर्ण वातावरण आहे, असा त्याच्या म्हणण्याचा आशय होता. भिंतींच्या रंगाबद्दल तो म्हणाला की तो रोगट हिरड्यांचा रंग आहे, तसाच भिंतकागद शोधा, त्याने नटांनाही योग्य मनःस्थिती लाभेल. ही आठवण श्टेर्नने पुष्कळ वर्षांनी लिहिलेली असल्याने तिच्यातील शब्द तंतोतंत धरू नयेत. तरीही दोन गोष्टी तीतून निघतात. एक, राइनहार्टला खोलीत रोग दिसत होता, म्हणजे ओस्वाल्डच्या देहातला विकार त्याने वास्तूच्या देहावर नेला. दुसरी, ही योजना प्रेक्षकांइतकीच नटांसाठी होती.

आपल्या काव्यशास्त्राच्या परिभाषेत सांगावयाचे तर उद्दीपन विभाव येथे आलंबनाच्या जागी येऊन बसला. एरवी उद्यान, चंद्रोदय, मेघगर्जना यांनी भाव चेतवायचा, पण तो ज्याच्या ठायी उभा राहायचा ते आलंबन म्हणजे पात्र. राइनहार्टच्या प्रयोगात खोली स्वतःच भीतीचे कारण झाली आणि पात्रे तिच्या छायेत वावरणारे तिचे अंश झाली. (ही परिभाषा परक्या नाटकाला लावताना सावध राहावे लागते हे खरे. पण 'मूड' या शब्दाने जे सैलपणे सांगितले जाते ते येथे अधिक काटेकोरपणे मांडता येते, म्हणून तिचा आश्रय घेतला.)

या योजनेवर एक मूलभूत आक्षेप घेता येतो, आणि तो संहितेतूनच उद्भवतो. इब्सेनने पहिल्या अंकाच्या आरंभी वर्णिलेली खोली काळोखी नाही, कोंदटही नाही. ती प्रशस्त, बागेकडे उघडणारी खोली आहे. मागे काचेची भिंत असलेले वनस्पतिगृह आहे, आणि त्या काचेतून पावसाच्या संततधारेआड झाकोळलेला फ्योर्ड दिसतो. टेबलावर पुस्तके, नियतकालिके, वर्तमानपत्रे आहेत. झाकोळ बाहेर आहे. आतले घर नीटनेटके, सुसंस्कृत, प्रतिष्ठित आहे. पास्टर मांडर्स या घराची आणि दिवंगत कॅप्टन आल्विंगची भरभरून स्तुती करतो ती केवळ दांभिकपणाने नव्हे. त्याला खरोखरच तसे दिसते. मिसेस आल्विंगने एकोणीस वर्षांचा संसार आणि त्यानंतरचे वैधव्य हे दिसणे टिकवण्यासाठीच खर्ची घातले आहे. पतीच्या नावाने अनाथाश्रम उभारणे हा त्या दिसण्यावर चढवावयाचा कळस आहे. इब्सेनचे तंत्र विश्लेषक आहे : जे घडावयाचे ते पडदा उघडण्यापूर्वीच घडून गेलेले असते आणि नाटक ते थराथराने उकलत नेते. अशा नाटकात घर निरोगी दिसणे ही उकलीची पूर्वअट आहे. पडदा उघडताच भिंतींनी रोग जाहीर केला तर उकलावयाचे उरले काय? हिरड्यांच्या रंगाच्या खोलीत उभे राहून घराच्या पावित्र्याची स्तुती करणारा मांडर्स फसलेला माणूस न वाटता आंधळा वाटू लागतो, आणि आंधळ्याशी वाद घालणाऱ्या मिसेस आल्विंगच्या वादालाही मग धार राहत नाही.

हा आक्षेप मला अनेक वर्षे निरुत्तर करणारा वाटत आला आहे, आणि निसर्गवादी परंपरेच्या बाजूने तो आजही उभा करता येतो. परंतु १९०६च्या बर्लिनमधील प्रेक्षकाचा विचार केला म्हणजे त्याचे स्वरूप पालटते. या प्रेक्षकाला कॅप्टन आल्विंगचे गुपित ठाऊक होते. रेगिने कोणाची मुलगी, ओस्वाल्डला काय झाले आहे, अनाथाश्रमाचे काय होणार, हे सारे सतरा वर्षांच्या प्रयोगांनी, वादांनी, अग्रलेखांनी आणि विडंबनांनी सर्वतोमुखी करून टाकले होते. ज्या नाटकाचे रहस्य सर्वांना ठाऊक आहे त्यात प्रेक्षक शोध घेत नाही, तो वाट पाहतो. एडिपसची कथा पाठ असलेला अथेन्सचा नागरिक सोफोक्लीसचे नाटक पाहावयास बसला तेव्हा तो याच स्थितीत होता. 'घोस्ट्स' ग्रीक शोकात्मिकेच्या घडणीचे आहे, असे समीक्षक इब्सेनच्या हयातीतच म्हणू लागले होते. पण ते साम्य रचनेपुरते होते. ग्रीक प्रेक्षकाचे ज्ञान इब्सेनच्या पहिल्या प्रेक्षकापाशी नव्हते. ते १९०६पर्यंत आले, आणि राइनहार्टचा प्रयोग हा त्या ज्ञानाला धरून उभारलेला पहिला मोठा प्रयोग होता. अभिजात कृती म्हणजे जिचे गुपित उघडे झाले आहे अशी कृती, अशी व्याख्या केली तर 'घोस्ट्स' ८ नोव्हेंबर १९०६ला अभिजात झाले असे म्हणता येईल. या प्रयोगाचे ऐतिहासिकत्व मला येथे दिसते. निसर्गवाद मोडला की नाही हा त्यापुढे दुय्यम मुद्दा आहे.

आणि मग ती काळी खुर्ची निराळी दिसू लागते. ती मुंकने बाहेरून आणलेली नाही, संहितेत ती आहे. तिसऱ्या अंकाच्या अखेरीस ओस्वाल्ड सोफ्याजवळ सरकवलेल्या आरामखुर्चीत बसतो. मिसेस आल्विंग टेबलावरचा दिवा विझवते. पाऊस थांबलेला आहे, सूर्य उगवतो, मागची हिमशिखरे प्रकाशात न्हाऊन निघतात. ओस्वाल्ड मात्र त्या दृश्याकडे पाठ करून निश्चल बसलेला आहे. तो आईकडे सूर्य मागतो आणि त्याच खुर्चीत आकसून, सैल पडून, माणूस म्हणून संपतो. म्हणजे संहितेच्या शेवटच्या क्षणाची वस्तू राइनहार्टने खोलीची मुख्य वस्तू केली. नाटकाचा शेवट पडदा उघडताच रंगमंचावर मांडून ठेवला. जाणता प्रेक्षक तीन अंक त्या रिकाम्या खुर्चीकडे पाहत होता आणि तीत कोण बसणार हे त्याला ठाऊक होते. एंगस्ट्रांडची धूर्त लाडीगोडी, मांडर्सचे विम्याविषयीचे भित्रे हिशेब, शॅम्पेनची बाटली, हे सगळे त्या खुर्चीच्या सान्निध्यात घडत राहते. श्टेर्नला ज्यात तपशील सापडला नाही त्या चित्रात संहितेचे इतके बारकाईचे वाचन होते.

'गेन्गांगेरे' या मूळ शीर्षकाशीही हे वाचन जुळते. त्या नॉर्वेजियन शब्दाचा धात्वर्थ 'पुन्हा चालून येणारे' असा आहे. इंग्रजी 'घोस्ट्स'मध्ये हे परतणे हरवते. विल्यम आर्चर या अनुवादकालाच ते शीर्षक पुरेसे वाटत नव्हते असे दिसते. मराठीत मात्र एक योगायोग आपल्या बाजूने आहे. 'भूत' म्हणजे पिशाच, आणि 'भूत' म्हणजे जे होऊन गेले ते. एकाच शब्दात काळ आणि त्याचे पछाडणे दोन्ही सामावले आहे. आपल्याकडे वास्तूलाही स्वभाव असतो, वास्तू बाधते, ही समजूत बोलण्यात अजून आहे. तेव्हा घरच पछाडलेले आहे हे मराठी वाचकाला प्रतीकवादाच्या प्रस्तावनेशिवाय कळते. परंतु हे सहज कळणेच फसवेही आहे, कारण इब्सेनची भुते वास्तूतली नाहीत. दुसऱ्या अंकात मिसेस आल्विंग त्यांचा खुलासा करते. आईबापांकडून आलेले जे आपल्यात फिरते ते तर झालेच, पण मेलेली मते, निष्प्राण श्रद्धा, वर्तमानपत्राच्या ओळींमधून सरकणाऱ्या कल्पना, ही तिची भुते. ती कुजलेल्या भिंतकागदात राहत नाहीत. ती विचारांत राहतात आणि विचारानेच ओळखता येतात. येथे राइनहार्टच्या प्रयोगाची खरी मर्यादा सुरू होते.

मिसेस आल्विंग ही विचार करणारी स्त्री आहे. टेबलावरची पुस्तके तिची आहेत. ती पुस्तके पाहून मांडर्स हादरतो, आणि आपण ती वाचलेली नाहीत हेही अभिमानाने सांगतो. नाटकाचा सर्वांत धाडसी क्षण ओस्वाल्डच्या आजारात नाही. तो मिसेस आल्विंगच्या तिसऱ्या अंकातील कबुलीत आहे. पतीला दोषी धरत आलेली ही स्त्री तेथे म्हणते की त्याच्यातील जगण्याच्या आनंदाला या गावात वाट नव्हती, आणि आपणही घरात त्याला ती दिली नाही. कर्तव्याची शिकवण घेऊन आपण आलो आणि त्याचे घर त्याला असह्य करून टाकले. हे तिला ओस्वाल्डच्या बोलण्यातून सुचलेले असते. पॅरिसमधील जीवनानंदाबद्दल तो बोलतो तेव्हा तिच्या मनात जुना हिशेब नव्याने मांडला जातो. हा मनातला हिशेब हीच नाटकातली क्रिया आहे. भूत ओळखणे म्हणजे आपल्या मतांपैकी मेलेले मत कोणते ते ओळखणे, आणि ही ओळख तिला फार उशिरा होते. वास्तूच जेथे दोषी आहे तेथे कोणा माणसाने मत बदलले काय किंवा न बदलले काय, निकाल तोच. रोगट भिंतींच्या खोलीत मिसेस आल्विंगची कबुली ही एक हुंदका होऊन जाते.

मोइस्सीचा ओस्वाल्ड या प्रयोगाचा केंद्रबिंदू झाला यात म्हणून नवल नाही. त्रिएस्तला जन्मलेल्या या नटाच्या जर्मन उच्चारांना एक परकी, गेय लय होती आणि पुढे तीच त्याची ख्याती झाली. आजारी, कोवळा, मरणाने सुंदर केलेला तरुण ही प्रतिमा त्या शतकारंभाच्या अभिरुचीला प्रिय होती. शेवटच्या प्रवेशात मिसेस आल्विंग ओस्वाल्डमागे धावते तेव्हा दिव्याच्या प्रकाशात दोघांच्या प्रचंड सावल्या भिंतींवर झेपावत असत, असे वर्णन मिळते. रंगमंचीय परिणाम म्हणून ते विलक्षणच असणार. पुढच्या दशकातील अभिव्यक्तिवादी रंगभूमी आणि जर्मन मूकपट यांच्या सावल्या येथून फार दूर नाहीत. पण सावली वाद घालू शकत नाही.

मुंकच्या निवडीतही एक तर्क होता, आणि तो केवळ चित्रशैलीचा नव्हता. त्याची आई क्षयाने गेली, थोरली बहीण सोफी पंधराव्या वर्षी त्याच रोगाने गेली. आजाऱ्याच्या खोलीतली खुर्ची हा त्याच्या चित्रांत पुन्हापुन्हा येणारा विषय आहे. शिवाय १८९०च्या दशकाच्या अखेरीस त्याने 'वारसा' या नावाचे चित्र रंगवले होते. त्यात उपदंशाने ग्रासलेले अर्भक मांडीवर घेऊन बसलेली आई आहे. 'घोस्ट्स'चा वैद्यकीय विषय त्याला रंगभूमीच्या आधीपासून ठाऊक होता. त्याने तो इब्सेनपेक्षा अधिक उघडपणे रंगवला होता, आणि बर्लिनच्या खोलीत मात्र त्याने तो भिंतींत लपवला.

येथे एका समकालीन घटनेची आठवण करून देणे आवश्यक आहे. उपदंशाचा जंतू शाउडिन आणि होफमान यांनी १९०५मध्ये शोधून काढला, तो बर्लिनमध्ये. वासरमानची रक्तचाचणी १९०६ची, तीही बर्लिनचीच. म्हणजे ज्या वर्षी राइनहार्टने हे नाटक केले त्याच वर्षी त्याच शहरात हा रोग प्रयोगशाळेत तपासता येण्याजोगा झाला. निसर्गवाद्यांची आनुवंशिकता ही अर्धी विज्ञान आणि अर्धी नियती होती. बापाच्या पापाचे फळ मुलाला, ही जुन्या करारातील धमकी तिने वैद्यकाच्या भाषेत पुन्हा सांगितली होती. आता विज्ञानाने आपला अर्धा भाग परत मागितला. राइनहार्टने हे जाणून केले असे सुचवावयाचे नाही, त्याला पुरावा नाही. पण परिणाम मात्र असा दिसतो : नियतीला वैद्यकात राहणे अवघड होऊ लागले त्याच सुमारास ती नेपथ्यात राहावयास आली.

पदव्युत्तर वर्गात 'घोस्ट्स' शिकवताना एक प्रश्न हमखास येतो. पेनिसिलिननंतर या नाटकाचे काय? अधिक चिकित्सक विद्यार्थी पुढे जाऊन विचारतो की हा रोग गर्भाला आईकडून होतो, तर मग आई निरोगी कशी? (काही अभ्यासकांनी लहानग्या ओस्वाल्डच्या तोंडात बापाने दिलेल्या चिलमीतून मार्ग काढला आहे. इब्सेनने ती चिलीम पहिल्या अंकात इतक्या ठळकपणे आणली आहे की हा मार्ग अगदीच हास्यास्पद नाही.) हा प्रश्न पडतो याचे कारण आपल्या समीक्षेला इब्सेन ज्या वाटेने भेटला त्यात आहे. मराठीत तो लंडनमार्गे आला : आर्चरचे अनुवाद आणि १८९१मधील शॉचे 'क्विंटेसन्स ऑफ इब्सेनिझम'. शॉचा इब्सेन हा समाजाच्या ढोंगावर हल्ला करणारा वादपटू. 'इब्सेनी तंत्र' या नावाखाली आपण एकप्रवेशी अंक, स्वगतांना आणि पदांच्या गर्दीला फाटा, दिवाणखान्याचे वास्तव नेपथ्य या गोष्टी घेतल्या, आणि आशय म्हणून 'समस्या' घेतली. १९३३मध्ये 'नाट्यमन्वंतर'ने रंगभूमीवर आणलेले 'आंधळ्यांची शाळा' हे इब्सेनचा समकालीन आणि देशबांधव ब्यर्नसन याच्या नाटकावर आधारलेले होते. स्त्री-पुरुषांच्या नीतीला वेगवेगळी मापे का, हा त्या नाटकाचा प्रश्न 'घोस्ट्स'च्या प्रश्नाचा सख्खा शेजारी आहे. अनंत काणेकरांचे 'घरकुल' हे 'डॉल्स हाउस'चे रूपांतर. या परंपरेने मराठी रंगभूमीला बरेच दिले. मात्र समस्येवर उभे केलेले नाटक समस्या जुनी होताच जुने होते, अशी एक अलिखित धारणाही तिच्यासोबत आली. बर्लिनचा इब्सेन आपल्याकडे आला असता तर पेनिसिलिनचा प्रश्न असा विचारला गेला नसता, कारण १९०६च्या खोलीत रोग हा रोग राहिलेलाच नव्हता.

पण केवळ बर्लिनचा इब्सेन येता तर आपण मिसेस आल्विंगची पुस्तके गमावून बसलो असतो, हेही तितकेच खरे. समस्या गेल्यावर उरते ते वातावरण, असे राइनहार्टचे उत्तर दिसते. संहितेचे उत्तर निराळे आहे. रोग बरा होणारा असो वा नसो, मेलेली मते पुन्हा चालून येतात, आणि ती ओळखण्याचे काम कोणत्याही औषधाने सोपे होत नाही. हे उत्तर वादाच्या प्रवेशांत आहे, आणि ते प्रवेश प्रकाशात, दोन बुद्धिमान माणसांमध्ये घडावे लागतात. ब्रामच्या संयत, बोलक्या दिवाणखान्यात ते घडू शकत होते. पुढच्या काळातील दिग्दर्शकांना हे नाटक करताना ब्रामची खोली आणि राइनहार्टची खुर्ची यांच्यात निवड करावी लागते, किंवा दोन्ही एकत्र बसवण्याचा खटाटोप करावा लागतो.

राइनहार्टची पद्धत इब्सेनच्या कोणत्याही नाटकाला लागू पडणारी नव्हती, हे लवकरच दिसले. १९०७मध्ये 'काम्मरश्पीले'तच हेर्मान बारच्या दिग्दर्शनाखाली 'हेडा गाब्लर' झाले आणि त्यासाठीही मुंकने चित्रे केली. 'गेस्पेन्स्टर'चे स्थान त्या प्रयोगाला लाभले नाही. त्याचे कारण नाटकातच शोधता येते. मिसेस आल्विंग ज्या घरात राहते तेथेच तिचे सारे आयुष्य साचलेले आहे, त्यामुळे त्या घराच्या भिंतींना आठवण असू शकते. हेडा नुकतीच मधुचंद्राहून परतली आहे. तो बंगला दुसऱ्या कोणाचा होता, आणि तोही तिने बोलता बोलता सहज आवडला म्हटल्यामुळे तिच्या गळ्यात पडलेला आहे. तेथे तिचे स्वतःचे म्हणावे असे बापाची तसबीर, त्याची पिस्तुले आणि एक जुना पियानो एवढेच आहे, आणि तो पियानोही तिला त्या दिवाणखान्यात विसंगत वाटतो. ज्या खोलीला भूतकाळ नाही ती पछाडणार कशाने? मायरहोल्डने त्याच नोव्हेंबर १९०६मध्ये पीटर्सबर्गला 'हेडा गाब्लर' केले तेव्हा वास्तव खोलीच टाकून दिली आणि निळ्या-सोनेरी रंगांचा उथळ पट्टा मांडला. तो प्रयोगही वादग्रस्त ठरला. तरी हेडाला घर नाही, एवढे त्याने ओळखले होते.